स्कूटरच्या नंबराचं परिपत्रक

"बाप इथे उभा आहे ना! दिसत नाही तुम्हाला? अजून पुढे येऊ? खिडकीतून आत उतरू?"

ओरडणाऱ्याचं तोंड आणि माझं तोंड यांच्यामध्ये शाळेच्या ऑफिसची गजांची खिडकी होती, म्हणून मी वाचलो. तिशीचा गडी, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला मुलीचं नवंकोरं दप्तर. त्याच्या मागे मुलीची आई, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. दोघांच्या मध्ये सहा वर्षांची मुलगी टाचा उंचावून माझ्या टेबलावरच्या डिंकाच्या बाटलीकडे टक लावून बघत होती.

"मिस्टर, आवाज खाली," मी म्हणालो. "इथे ओरडायचा अधिकार फक्त मला आहे."

ते खरंच होतं. परळ आणि लालबागच्या मध्ये कुठेतरी असलेल्या त्या शाळेत मी बत्तीस वर्षं कारकून होतो, आणि पोरं मला 'सामंत स्पीकर' म्हणत. मी पहिल्या मजल्यावरून 'दाखला घेऊन जा' असं ओरडलो की समोरच्या इमारतीतली माणसं कपाटं उघडून आपापले दाखले शोधायला लागत. एकदा शाळेची घंटा चोरीला गेली, तेव्हा तीन दिवस मीच घंटा झालो होतो. चौथ्या दिवशी नवी आली, तर शिपाई म्हणाला, "सर, पहिलीच बरी वाजत होती." यातलं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं, ते आता मलाही सांगता येणार नाही. आज सांगायची गोष्ट या सवयीतूनच निघाली.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे खिडकीतून दिसलेल्या गमती मागितल्या होत्या. गमती पोत्याने आहेत. मुलाच्या पत्रिकेत शनी वाईट म्हणून जन्मतारीख चार दिवस पुढे ढकला म्हणणारी बाई. मुलाला आठ नावं ठेवून सगळी एकाच रकान्यात बसवा म्हणून हट्ट धरणारे एक आजोबा. त्यांना मी सांगितलं, की आजोबा, हजेरी घेईपर्यंत मधली सुट्टी होईल. या गोष्टी मी आमच्या गिरगावच्या चाळीत गणपतीच्या दिवसांत गॅलरीत बसून सांगायचो आणि माणसं जिन्यावरून पडेपर्यंत हसायची. त्यांतली सगळ्यात हुकमी गोष्ट या गजांच्या खिडकीपलीकडच्या तिघांची होती. ती मी वर्षानुवर्षं गंमत म्हणून सांगितली. आज तशी सांगता येत नाही.

आधी धंदा समजावून सांगतो. शाळेत जनरल रजिस्टर नावाचं एक दांडगं बाड असतं. मूल पहिलीत आलं की त्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव, आईचं नाव, जन्मतारीख, सगळं त्यात चढतं. पुढे शाळा सोडल्याचा दाखला त्यावरून उतरवतात, आणि त्या दाखल्यावरून माणूस जन्मभर ओळखला जातो. म्हणजे कारकुनाच्या पेनातून जे उतरलं ते त्या माणसाच्या अंगाला चिकटलं. मास्तर शिकवलेलं विसरला तरी चालतं. कारकुनाने लिहिलेलं कोणी विसरत नाही.

आणि मराठी माणसाचं नाव म्हणजे तीन पुडाचा डबा. वरच्या पुडात स्वतःचं, मधल्यात बापाचं, खालच्यात आडनाव. बाईचं लग्न झालं की मधल्या पुडातला बाप जातो आणि नवरा येतो. मधला पूड रिकामा ठेवायची आपल्यात पद्धत नाही.

या मुलीचा मधला पूड रिकामा होता. तिचं नाव प्रज्ञा. आईचं नाव शुभांगी दत्ताराम परब, घर लालबागचं. ओरडणारा होता मिलिंद गमरे, वरळीच्या बीडीडी चाळीतला. तिघं तिथेच राहत होती. पण या दोघांचं लग्न झालेलं नव्हतं, आणि बाळंतपणाच्या वेळी मिलिंद बोटीवर नोकरीला असल्यामुळे जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावापुढे कोणीतरी नुसती आडवी रेघ मारली होती.

"लग्नाचा दाखला आणा, नाव लिहितो," मी म्हणालो.

"लग्न नाही केलं. लपवतोय का मी? पण पोरगी माझी आहे. लग्नाचा आणि बाप असण्याचा काय संबंध?"

उत्तर नसलं की मी परिपत्रक काढायचो. सरकारी परिपत्रक म्हटलं की भलेभले गार होतात. मी खिडकीबाहेर बघितलं. गेटपाशी माझी स्कूटर उभी होती. तिच्या पाटीवरचा आकडा वाचून मी आवाज चढवला:

"परिपत्रक क्रमांक चौदा सत्तावीस! विवाहाचा पुरावा असल्याखेरीज पित्याचे नाव लावता येणार नाही! वाचायचंय? कपाटात आहे. किल्ली हेडमास्तरांकडे."

माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात सफाईदार थाप. मिलिंद तडक हेडमास्तरांकडे गेला. हेडमास्तरांनी मला बोलावून विचारलं, मी त्यांनाही चौदा सत्तावीस ऐकवलं, त्यांनी मान डोलवली. तो बाहेर आला तेव्हा त्याचा आवाज बसला होता. "कागदावर तुम्ही कोणी नाही, गमरे," मी वरून ऐकवलं. रांगेतल्या पंचवीस पालकांनी ते ऐकलं. पोरीनेही ऐकलं.

आता मीच मला विचारतो. त्याच्या जागी शिवाजी पार्कचा कोणी चष्मेवाला, माझ्या आडनावाच्या जवळपासच्या आडनावाचा गृहस्थ असता, तर मी लग्नाचा दाखला मागितला असता? की 'बसा ना, मार्ग काढू' म्हणून आत खुर्ची दिली असती? उत्तर मला माहीत आहे. ते लिहिताना पेन जड होतं एवढंच.

दुसऱ्या दिवशी शुभांगी एकटीच आली. प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. तिने कागद पुढे केले आणि म्हणाली, "सर, काहीतरी करा. वर्ष जाईल पोरीचं."

"लग्न का नाही करत तुम्ही? रजिस्टर करा, संपलं."

"आप्पांनी शपथ घातलीय," ती म्हणाली. आप्पा म्हणजे तिचे वडील, दत्ताराम परब. बीडीडीतला, गमरे आडनावाचा जावई त्यांना नको होता. "म्हणाले, मी जिवंत असेपर्यंत त्याच्याशी लग्न केलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील. मग नाही केलं लग्न."

"आणि राहायला गेलीस?"

"राहायचं नाही असं शपथेत नव्हतं."

मी असा हसलो, असा हसलो, की टाचण्यांची डबी सांडली. बाई मला पटलीच. आणि मी एकदा खूश झालो की माझं डोकं वाऱ्यासारखं चालतं. तिचे कागद बघता बघता मला दिसलं: शुभांगी दत्ताराम परब. हे तिचं माहेरचं नाव. पण नुसतं वाचणाऱ्याला दत्ताराम तिचा बाप की नवरा, हे कळायला मार्गच नाही! मी पेन उचललं आणि लिहिलं: विद्यार्थिनीचे नाव प्रज्ञा. वडिलांचे नाव दत्ताराम. आडनाव परब. आईचे नाव शुभांगी. खाडाखोड नाही, रिकामा रकाना नाही. एकदम नीटनेटकं, लग्नाचं कुटुंब!

शुभांगीने वाचलं. "सर, हे आप्पांचं नाव आहे."

"मग? घरचंच आहे ना?"

"पण असं तर... असं तर आप्पा माझे..." तिने वाक्य तोडलं.

"अगं, कागदापुरतं! कोण बघतंय?"

"प्रज्ञाच्या पप्पांना काय सांगू?"

"सांग, सामंत सरांनी मार्ग काढला."

तिने सही केली. तिचा अंगठा त्या 'दत्ताराम'वर होता आणि तो उचलायला तिला वेळ लागला. मला वाटलं होतं, ती आभार मानेल. तिने विचारलं, "शाळा किती वाजता सुटते?"

गिरगावच्या गॅलरीत या गोष्टीचा शेवट मी कसा करायचो, ते सांगायची मला लाज वाटते, पण सांगतो. मी म्हणायचो, "आणि अशा रीतीने मी एका बाईचं तिच्याच बापाशी लग्न लावलं, तेही अक्षता न टाकता!" माणसं जिन्यावरून पडायची ती इथेच.

पहिल्या आठवड्यात वर्गाच्या बाई ऑफिसात आल्या. "सर, नवीन मुलीला ऐकू येत नाही का? प्रज्ञा दत्ताराम परब म्हणून हाक मारली तर हजेरीच देत नाही." मी वर्गात गेलो. पोरगी माझ्याकडे बघून स्पष्ट म्हणाली, "माझं नाव प्रज्ञा मिलिंद आहे."

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. "हे बघ बाळ, शाळेचे बूट वेगळे, घरच्या चपला वेगळ्या. हो की नाही? तसंच शाळेचं नाव वेगळं, घरचं वेगळं. शाळेत आलं की शाळेचं नाव घालायचं." पोरगी हुशार. तिने मान हलवली आणि त्या दिवसापासून शाळेच्या आवारात 'मिलिंद' हा शब्द तोंडातून काढला नाही. माझी समजावण्याची कला बघून बाईंनी कौतुक केलं. सहा वर्षांच्या मुलीला मी बाप फाटकाबाहेर काढून ठेवायला शिकवला होता, आणि तो फाटकाबाहेर खरोखरच उभा असायचा. मिलिंदने बोट सोडून एसी दुरुस्तीचं काम धरलं होतं. दुपारी तो वेळ काढून तिला न्यायला यायचा आणि सावलीला, माझ्या स्कूटरशेजारी उभा राहायचा. माझ्याशी बोलायचा नाही. मीही बघितलं न बघितलं करायचो.

तिसरीत 'माझे बाबा' हा निबंध आला. बाई वही घेऊन माझ्याकडे आल्या, चेहरा गोंधळलेला. पोरीने लिहिलं होतं: 'माझ्या बाबांचे नाव दत्ताराम आहे. ते काठी घेऊन चालतात. ते लालबागला राहतात. ते आमच्याकडे येत नाहीत. मी त्यांना दोनदा पाहिले आहे. मला माझे बाबा आवडतात असे लिहायचे असते.' बाईंना काही कळेना. मला कळलं. आणि मी हसलो. खरं सांगतो, हसलो. वहीवर शेरा द्यायला सांगितला, 'अक्षर छान'.

त्याच वर्षी आप्पा गेले. शुभांगीने चिठ्ठी पाठवली: 'आप्पा, श्री. दत्ताराम परब, वारले. प्रज्ञा तीन दिवस येणार नाही.' वर्गाच्या बाईंनी चिठ्ठी वाचली, रजिस्टरात नाव बघितलं, डोळ्याला पदर लावला आणि सूचना पाठवली. मी ऑफिसात होतो. सूचना माझ्या हातातून माइकपाशी गेली. एवढंच म्हणायचं होतं मला, 'बाई, ते आजोबा.' तेवढ्याने काम झालं असतं. पण मग कोणीतरी विचारलं असतं, आजोबा तर बापाच्या रकान्यात कसे? आणि रकाना माझ्या अक्षरात होता. बत्तीस वर्षं ज्याचं तोंड बंद झालं नाही, तो माणूस त्या सकाळी गप्प राहिला. प्रार्थनेनंतर सगळी शाळा दोन मिनिटं स्तब्ध उभी राहिली. कुमारी प्रज्ञा हिचे पिताश्री निधन पावले म्हणून.

त्यानंतरचं लिहायला मी आठ दिवस घेतले.

एक दानशूर मंडळ दरवर्षी पितृछत्र हरपलेल्या मुलांना गणवेश द्यायचं. यादी ऑफिस करायचं. ऑफिस म्हणजे मी. वर्गाच्या बाईंनी मोठ्या प्रेमाने प्रज्ञाचं नाव सुचवलं आणि मी ते लिहिलं, कारण न लिहायला मला कारण सांगावं लागलं असतं. मैदानात स्टेज घातलं. नावं पुकारायला दुसऱ्या कोणाचा आवाज असणार?

"प्रज्ञा दत्ताराम परब! इयत्ता तिसरी! वडील नाहीत!"

'वडील नाहीत' म्हणायची गरज नव्हती. आधीच्या चार मुलांना म्हटलं होतं, ओघात म्हणून गेलो. पोरगी चढून आली. पाहुण्यांनी पाकीट पुढे केलं, फोटोवाला म्हणाला इकडे बघ, तिने कॅमेऱ्याकडे बघितलं नाही. ती गेटकडे बघत होती. मी तिच्या नजरेच्या रेषेत बघितलं. मिलिंद स्कूटरशेजारी उभा होता, हातात तिची पाण्याची बाटली. कर्णा बरोबर त्याच्या डोक्यावरच्या खांबाला बांधलेला होता.

मला वाटलं, आता ओरडेल. खरं म्हणजे मी वाट बघत होतो, की ओरडावं. शाळा सुटल्यावर पोरगी बाहेर गेली, त्याने रोज दप्तर घ्यायचा तसं तिच्या हातातलं ते गणवेशाचं पाकीट घेतलं, बाटलीचं झाकण उघडून दिलं, आणि दोघं वरळीच्या बसकडे चालू लागली.

पंधरा दिवसांनी तो खिडकीशी आला. आवाज इतका हळू, की मला कान पुढे न्यावा लागला. "सामंत सर, आप्पांची शपथ आता संपली. आम्ही रजिस्टर लग्न करतोय. मग नाव दुरुस्त होईल ना?"

रजिस्टर उघडलं असतं तर माझी हातचलाखी उघडी पडली असती. मी म्हणालो, "गमरे, आता लग्न केलंत तर कागदावर तुम्ही तिचे सावत्र बाप लागता. विचार करा."

तो गजाला धरून उभा राहिला. मग "बरं" म्हणाला आणि गेला. पहिल्या दिवसाची थाप मी गर्वाने मारली होती. ही भीतीने मारली. दुसरी जास्त वाईट, हे मला तेव्हाही कळत होतं.

प्रज्ञा नववीत गेली तेव्हा नव्या मुख्याध्यापिका आल्या. बारीकशा, हळू बोलणाऱ्या. दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मआधी सगळ्यांची नावं त्या स्वतः तपासत. परबांच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "सामंत, आईच्या आधारवर आणि मुलीच्या वडिलांच्या रकान्यात एकच दत्ताराम. आईचा जन्मदाखला मागवला, त्यातही वडील दत्ताराम. हे काय आहे?"

मी सांगितलं. सगळं नाही, थोडं. आणि शेवटी सवयीने, "परिपत्रक होतं, मॅडम. चौदा सत्तावीस."

"दाखवा."

मी कपाट उघडलं. मी स्वतः रचलेलं परिपत्रक मी तासभर शोधत होतो. शिपाई शिडी धरून उभा. कुठेतरी मला आशा होती की इतक्या वर्षांत ते खरंच तयार झालं असेल. मॅडम दारात येऊन म्हणाल्या, "नाहीये ना?"

"नाही, मॅडम."

"दोघांचं प्रतिज्ञापत्र घ्यायचं, वॉर्डातून जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव लावून आणायला सांगायचं, आणि आपण दुरुस्तीचा प्रस्ताव वर पाठवायचा. लग्नाचा यात प्रश्नच नव्हता. पहिल्या दिवशी हेच सांगायला काय झालं होतं?"

काही झालं नव्हतं. मला माझा आवाज ऐकायचा होता.

मग मी धावलो. प्रतिज्ञापत्राचा मसुदा मीच लिहिला, वॉर्डात खेपा मीच मारल्या, वरच्या ऑफिसात साहेबांच्या दारात स्टूल टाकून बसलो. मंजुरी आली आणि मी रजिस्टरात लाल शाईने दुरुस्ती केली. आमच्या कामात खोडायचं म्हणजे एकच रेघ मारायची, जुनं अक्षर वाचता आलं पाहिजे असा नियम आहे. हा नियम खरा आहे. त्यामुळे दत्ताराम अजून तिथे आहेत, माझ्या वळणदार अक्षरात, आणि त्यांच्या डोक्यावर 'मिलिंद'.

प्रज्ञा दहावी झाली आणि त्याच महिन्यात मी निवृत्त झालो. दाखला न्यायला बापलेक दोघं आली. पोरगी आता माझ्या खांद्याच्या वर. तिने दाखला हातात घेऊन एकच ओळ वाचली, घडी न घालता फाइलमध्ये ठेवला आणि मैत्रिणींना भेटायला आत गेली. मी तिला म्हणालो होतो, "बाळ, त्या स्टेजवरच्या दिवसाबद्दल—" ती म्हणाली, "हो सर," जसं हजेरीला म्हणतात तसं. त्या दोघांनी पुढे लग्न केलं की नाही, हे मी विचारलं नाही. ही एक गोष्ट न विचारायला मी फार उशिरा शिकलो.

मिलिंद गेटपाशी, नेहमीच्या जागी थांबला होता. कानावर केस पिकले होते. मी खाली उतरलो. घरून पाठ करून आणलेलं भलंमोठं भाषण होतं, त्यातलं एक वाक्य तोंडात येईना. शेवटी मी स्कूटरकडे बोट केलं.

"गमरे, ते परिपत्रक नव्हतं. हा नंबर होता. चौदा सत्तावीस. मी खिडकीतून बघून फेकला होता."

त्याने पाटीकडे बघितलंही नाही.

"माहितीय," तो म्हणाला. "ती पहिलीत असतानाच कळलं. रोज इथेच उभा राहायचो ना."

"मग बोलला का नाहीत? इतकी वर्षं? एकदा येऊन कॉलर धरायची माझी!"

त्याने पोरीची फाइल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"पोरगी तुमच्या शाळेत होती," तो म्हणाला.